आवक नोंदवहीतले पत्र : ग्रंथालय सेवकांपर्यंत प्रशिक्षणाची बातमी पोचण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्याच्या जुन्या वस्तीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात सुरू झाले आणि हळूहळू खाडीपलीकडे कळवा, ऐरोली, कोपरखैरण्यापर्यंत गेले. संस्थेचे आणि माणसांचे नाव देणार नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आलो. जे घडले त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगतो.

ठाणे जिल्ह्यात वाचनालये जुनी आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. त्यांच्यापुढे आमची संस्था धाकटी. पुस्तकांचा एक हॉल, एक वाचनकक्ष, शासनाची मान्यता आणि परिरक्षण अनुदान, म्हणजे रोजच्या खर्चासाठी मिळणारे पैसे. सेवक चार: ग्रंथपाल मॅडम, लिपिक, देवघेवीच्या काउंटरवर बसणाऱ्या निर्गम सहायक ताई आणि शिपाई.

ताईंना काउंटरवर अकरा वर्षे झाली होती. शिक्षण बारावी, वर एमएस-सीआयटी. कोणत्या आजोबांना मोठ्या टाइपाची पुस्तके लागतात, कोणत्या मुलीने मालिकेतला कितवा भाग नेला आहे, हे त्यांना संगणक न उघडता सांगता येते. पण नवीन पुस्तकाला वर्गांक, म्हणजे विषयाप्रमाणे त्याची जागा ठरवणारा क्रमांक, द्यायची वेळ आली की त्या थांबत. पुस्तक बाजूला ठेवून मॅडमची वाट पाहत. अकरा वर्षांत ते शिकायची संधी त्यांना एकदाही मिळाली नव्हती.

आमच्या क्षेत्राबाहेरच्या वाचकासाठी एवढे सांगायला हवे. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये संस्था चालवतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्याखाली मुंबईचे ग्रंथालय संचालनालय मान्यता आणि अनुदान देते, जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतो. सेवक मात्र संस्थेचे असतात. त्यांना शासकीय वेतनश्रेणी नाही. ती मिळावी ही मागणी फार जुनी आहे. त्यामुळे प्रशिक्षण घ्या असे वरून कोणी सेवकाला थेट सांगत नाही. पत्र येते ते अध्यक्ष किंवा कार्यवाह यांच्या नावे. आमचे कार्यवाह मानद आहेत, आठवड्यातून दोन संध्याकाळी येतात, सह्या करतात, बँकेचे पाहतात. माणूस सज्जन. सगळे त्यांना काका म्हणतात.

अडचण

एका संध्याकाळी ताई ठाणे–वाशी लोकलने घरी निघाल्या होत्या. महिला डब्यात कोपरखैरण्याच्या एका वाचनालयातली ओळखीची मुलगी भेटली. तिच्या हातात वहीभर टिपणे. ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला ती जात होती. जिल्हा ग्रंथालय संघ वर्ग घेतो आणि परीक्षा संचालनालय घेते, तो अभ्यासक्रम. प्रवेश केव्हाच संपले होते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला विचारले, "सर, आपल्याकडे पत्र आलं नव्हतं का?"

मी आवक नोंदवही काढली. पत्र आले होते. तारीख, पाठवणाऱ्याचे नाव, विषयाच्या रकान्यात "प्रशिक्षण वर्गाबाबत". अक्षर ताईंचेच. टपाल त्याच घेतात, नोंद त्याच करतात आणि पत्र काकांच्या ट्रेमध्ये ठेवतात. त्यांनीच ते पत्र उघडून, शिक्का मारून, ट्रेमध्ये ठेवले होते. काकांनी सही करून फाईलला लावले होते.

मी विचारले, "ताई, तुम्ही वाचलं नाहीत?"

"काकांच्या नावाचं पत्र मी कशाला वाचू, सर?"

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. चूक कोणाची म्हणायची? पाठवणाऱ्याने वेळेवर पाठवले. ताईंनी नोंद केली. काकांना वाटले, ही नेहमीची माहिती आहे. प्रत्येकाने आपले काम केले, आणि ज्या एका व्यक्तीसाठी ते पत्र निघाले होते तिच्या हातून ते जाऊनही तिला मिळाले नाही. मीही कार्यकारिणीच्या बैठकांना बसत होतो. आलेल्या पत्रव्यवहाराचे वाचन हा विषय दर बैठकीत असतो आणि तो दोन मिनिटांत "नोंद घेतली" म्हणून संपतो. ज्या बैठकीत हे पत्र वाचले गेले तिला मी हजर होतो.

मग मी ओळखीच्या वाचनालयांतून विचारपूस केली. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे मिळून आम्ही नऊ संस्था. बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच चित्र. एका ठिकाणी ग्रंथपालांना पुरस्काराच्या अर्जाची मुदत संपल्यावर कळले. शासन सार्वजनिक ग्रंथालयांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावे आणि कार्यकर्ते व सेवकांसाठी डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावे पुरस्कार देते. त्यातल्या सेवक पुरस्कारासाठी आपणही अर्ज करू शकतो, हे नऊपैकी चार ठिकाणच्या सेवकांना माहीतच नव्हते.

कोणते पर्याय होते

सोपा मार्ग समोर होता: व्हॉट्सॲप गटावर पत्राचा फोटो टाकायचा. गट होताही, पण तो कार्यवाह आणि ग्रंथपालांचा. सुप्रभात, श्रद्धांजली आणि वाढदिवस यांत आडवा काढलेला पत्राचा फोटो दोन तासांत वर सरकतो. शिवाय काउंटरवरचे लोक त्यात नव्हतेच.

दुसरा पर्याय सूचनाफलकाचा. आमच्या फलकावर दिवाळी अंक योजना, वर्गणीचे स्मरणपत्र आणि व्याख्यानमालेची पत्रिका असते. तो वाचकांचा फलक. सेवक त्याच्याकडे पाठ करून बसतात.

तिसरा विचार, आपणच प्रशिक्षण घ्यावे. मी शिकवू शकलो असतो, मॅडमही. पण आमच्याकडच्या चार रविवारांना प्रमाणपत्र नाही, आणि ताईंना कागद हवा होता. पुढे कुठे ग्रंथपालाची जागा निघाली तर विचारतील तो कागद.

चौथा पर्याय महिन्याला एक पानी पत्रक काढायचा आणि ते प्रत्येक सेवकाच्या हातात द्यायचा. तो आम्ही घेतला. मॅडम आणि मी दोघांनी काढायचे ठरवले.

पत्रकात काय घ्यायचे, यावर आमचा पहिला वाद झाला. माझ्या सवयीने मी विद्यापीठांच्या परिसंवादांची, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या कार्यशाळांची यादी केली. मॅडम म्हणाल्या, "सर, हे तुमच्यासाठी आहे. आमच्या लिपिकाला याचं काय?" त्यांचे बरोबर होते. इन्फ्लिबनेटचे काम विद्यापीठे आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी. सार्वजनिक वाचनालयातल्या बारावी झालेल्या माणसाला ती यादी वाचून एवढेच कळते की हे जग आपले नाही. आम्ही यादी पाडली आणि शिक्षणाप्रमाणे पुन्हा रचली. पदवी नसलेल्यांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम. कोणत्याही शाखेची पदवी असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची पदवी, नोकरी सांभाळून करता येणारी. पूर्ण वेळ शिकू शकणाऱ्या पदवीधर मुलींसाठी चर्चगेटला एसएनडीटी विद्यापीठाचे ग्रंथालयशास्त्र विद्यालय, १९६१पासूनचे. घरून शिकायचे तर केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे संकेतस्थळ स्वयम्: पाहणे-ऐकणे मोफत, प्रमाणपत्र हवे तर परीक्षेची फी.

आणखी एक रकाना संगणकाचा. कोहा ही ग्रंथालय प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २०००पासून सर्वांना मोफत आहे. ई-ग्रंथालय ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. दोन्हींची शिबिरे अधूनमधून होतात, आणि दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, हाताने लिहिणाऱ्या माणसाला त्यातून सर्वांत लवकर उपयोग होतो असे माझे मत आहे.

पहिला पेच : पत्रक कोणाच्या नावाने

मला ते सेवकाच्या नावाने, थेट त्याच्या हातात जायला हवे होते. दोन संस्थांच्या कार्यवाहांना हे आवडले नाही. एकांनी फोन केला: "आमच्या माणसांना तुम्ही परस्पर पत्र देता? उद्या रजा मागतील, फी मागतील. उत्तर आम्हाला द्यावं लागतं."

राग समजण्यासारखा होता. पण कार्यवाहांमार्फतच पाठवले असते तर पत्रक पुन्हा त्याच ट्रेमध्ये गेले असते. शेवटी आम्ही दोन प्रती देऊ लागलो. एक कार्यवाहांना, एक दिवस आधी. दुसरी काउंटरवर, सेवकाचे नाव हाताने लिहून. कार्यवाहांना आधी मिळाल्याने त्यांचा मान राहिला आणि कागद सेवकापर्यंत गेला.

आमच्या संस्थेत मी आणखी एक गोष्ट सुचवली. आवक नोंदवहीत एक नवा रकाना: "कोणाला वाचायला दिले" आणि त्यापुढे सही. काका लगेच हो म्हणाले. त्यांना कोणी हे आधी सुचवलेच नव्हते.

एक चूक, माझी

तिसऱ्या पत्रकात मी एका कार्यशाळेची तारीख छापली. मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत आला होता. त्यात वार होता, महिना होता, वर्ष नव्हते. तो मागच्या वर्षीचा होता. कळव्याच्या एक सेविका अर्धा दिवस बिनपगारी रजा घेऊन ठाण्याला आल्या आणि बंद दारापासून परत गेल्या.

मी त्यांच्या वाचनालयात जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे सर," पण पुढचे दोन महिने त्यांनी पत्रक घेतले ते न उघडता खणात ठेवले, असे तिथल्या ग्रंथपालांनी सांगितले. तेव्हापासून आमचा नियम आहे: आयोजकांना स्वतः फोन केल्याशिवाय एकही तारीख छापायची नाही, आणि प्रत्येक बातमीखाली "खात्री केली" म्हणून दिनांक लिहायचा. त्यामुळे पत्रक दहा बातम्यांवरून चारवर आले. चारच बऱ्या.

दुसरा पेच : त्या दिवशी काउंटरवर कोण

पत्रके सहा महिने निघाली. लोक वाचत होते, प्रश्न विचारत होते, आणि नऊ संस्थांतून एकाही माणसाने नाव नोंदवले नाही. मी थोडा खचलो होतो. मॅडमनी मला एक आठवडा काउंटरशेजारी बसायला सांगितले. मी बसलो.

ग्रंथपाल, लिपिक, निर्गम सहायक, शिपाई अशी चार नावे कागदावर दिसतात, पण शनिवारी संध्याकाळी सात वाजता देवघेवीला एकच माणूस असतो. लिपिक हिशेबाला, मॅडम बँकेत किंवा पुस्तक खरेदीला, शिपाई रॅकवर. ताई उठल्या की देवघेव थांबते. वर्गाचे दिवस नेमके आमच्या गर्दीच्या दिवसांवर येत होते. दिवाळीच्या महिन्यात तर दिवाळी अंकांसाठी रांग लागते आणि मार्चअखेर हिशेब, वार्षिक अहवाल, साठापडताळणी. ताईंना पत्रक मिळत होते, पण जायचे म्हटले तर काउंटर सोडता येत नव्हता.

मी पत्रकात सगळे छापत होतो: कोणासाठी, कुठे, किती दिवस, फी किती, शेवटची तारीख. त्या जागी कोण बसेल, हे लिहिले नव्हते.

आम्ही दोन उपाय करून पाहिले. आधी संस्थांनी एकमेकांकडे माणूस उसना द्यायचा. कोपरखैरण्याचा एक सेवक दोन शनिवार आमच्याकडे आला. तिसऱ्या शनिवारी दंडाच्या रकमेत तफावत निघाली, अगदी किरकोळ, आणि ती कोणी भरायची यावर दोन्ही कार्यवाहांत इतकी पत्रापत्री झाली की उपाय तिथेच संपला. आधी रोख रकमेचा निर्णय करायला हवा होता. उसन्या माणसाने फक्त देवघेव करावी आणि त्या दिवशी दंड-वर्गणी घेऊच नये, एवढे ठरवले असते तरी चालले असते.

दुसरा उपाय असा की वर्गाच्या दिवशी कार्यकारिणीतल्या एकाने काउंटरवर बसायचे. ठराव मांडला तेव्हा सभेत शांतता पसरली. मग काका म्हणाले, "पहिला शनिवार माझा." ते बसले. त्यांना बुककार्ड सापडेना, वाचक "ताई कुठे?" असे विचारत राहिले, दोन पुस्तके चुकीच्या नावावर गेली. पण पुढच्या बैठकीत काकांनी स्वतःहून विषय काढला की काउंटरला दुसरा संगणक हवा. तो आला.

तिसरा पेच : फी आणि अट

फी संस्थेने भरावी की नाही, यावर कार्यकारिणीत दोन तट पडले. काहींचे म्हणणे, फी भरू, पण शिकल्यावर दोन वर्षे नोकरी सोडणार नाही असे लिहून घेऊ. मी विरोध केला. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाला शिक्षणाच्या बदल्यात बांधून ठेवणे मला पटत नाही, आजही पटत नाही. मधला तोडगा निघाला: अर्धी फी प्रवेशाच्या वेळी संस्थेची, उरलेली उत्तीर्ण झाल्यावर परत.

हा तोडगा मी मान्य केला, ही माझी दुसरी चूक. उरलेली अर्धी रक्कम ताईंना आधी खिशातून भरावी लागली आणि त्यासाठी त्यांनी बहिणीकडून पैसे घेतले, हे मला परीक्षेनंतर कळले. सगळी फी आधी भरून, न बसल्यास परत घ्यायची, असे उलट ठरवायला हवे होते.

काय झाले

पुढच्या वर्षी ताई प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. दशांश वर्गीकरणाचे तक्ते त्यांनी काउंटरखाली ठेवले आहेत. आता नवीन पुस्तक आले की आधी त्या वर्गांक काढतात, मग मॅडमना दाखवतात. बऱ्याचदा जुळतो. बालविभागातल्या विज्ञानाच्या पुस्तकांची मांडणी त्यांनी पुन्हा केली, कारण मुले ज्या पुस्तकाला "पक्ष्यांचं" म्हणतात ते सामान्य विज्ञानात लावलेले होते.

मानधन मात्र फारसे वाढले नाही. अनुदान हप्त्यांत येते, त्यातला वेतनाचा भाग ठरलेला, आणि वाढ द्यायची तर वर्गणी वाढवावी लागते. कार्यकारिणीने थोडी वाढ दिली. ती ताईंच्या कामाच्या मानाने कमी आहे आणि हे मी बैठकीत लेखी नोंदवले आहे.

नऊ संस्थांतून दोन वर्षांत सात सेवकांनी काही ना काही पूर्ण केले: तिघांनी प्रमाणपत्र, तिघांनी संगणक प्रणालीचे शिबिर, ऐरोलीच्या एका पदवीधर लिपिकाने मुक्त विद्यापीठाची पदवी. तो पदवी मिळाल्यावर नोकरी सोडून एका शाळेच्या ग्रंथालयात गेला. त्याच्या संस्थेचे कार्यवाह मला म्हणाले, "बघा, शिकवलं आणि गेला." त्या शाळेत आधी ग्रंथपालच नव्हता. त्या मुलांना आता ग्रंथपाल आहे, एवढे मी त्यांना सांगितले. ते अजून नाराज आहेत.

मी आजारी पडलो तेव्हा पत्रक तीन महिने बंद पडले. मॅडमवर संपूर्ण भार आला आणि त्यांना तो पेलवला नाही. आता चार वाचनालये आळीपाळीने महिना वाटून घेतात. मजकूर थोडा वेडावाकडा असतो, पण वेळेवर निघतो.

आज करायचे तर

पत्रक काढण्याआधी मी काउंटरशेजारचा तो आठवडा घालवेन. सहा महिने वाचले असते. कोणत्या तासाला कोण मोकळे असते, कोणाचे शिक्षण किती, घरी लहान मूल आहे का, संध्याकाळी शेवटची सोयीची लोकल कोणती, हे मी कोणालाच विचारले नव्हते. ऐरोलीहून येणाऱ्या बाईला ठाण्याच्या नौपाड्यातला साडेसातपर्यंतचा वर्ग आणि वाशीच्या बाईला तोच वर्ग, यांत घरी पोचायच्या वेळेचा फरक असतो.

बदलीचा माणूस आणि फी हे दोन ठराव वर्षाच्या सुरुवातीला, अंदाजपत्रकाबरोबर करून घेईन. पत्र आल्यावर बैठक बोलावायची आणि ठराव करायचा तर मुदत संपते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२पासून ग्रंथालयांना साहाय्य देते आणि त्यात परिसंवाद, कार्यशाळांसाठीही योजना आहे. तिचा अर्ज आम्ही कधी केला नाही, कारण तेवढा आधी विचारच केला नाही. यंदा कागदपत्रे जमवायला लिपिकाने सुरुवात केली आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात, पण खारघरपासून रायगड सुरू होतो. खारघरच्या एका वाचनालयातल्या सेविकेने आमचे पत्रक पाहिले आणि तिलाही ते हवे आहे. तिचा जिल्हा ग्रंथालय अधिकारी वेगळा, जिल्हा संघ वेगळा, प्रवेशाच्या तारखा वेगळ्या. घर मात्र आमच्या ताईंच्या घरापासून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर. सध्या तिला आम्ही दोन्ही जिल्ह्यांना लागू असलेल्या बातम्या, म्हणजे मुक्त विद्यापीठ, स्वयम् आणि राज्य पुरस्कार, एवढ्या वेगळ्या कागदावर पाठवतो. रायगडच्या बाजूने तारखांची खात्री करणारे कोणी मिळाले, की तिचे नाव मुख्य यादीत घालू.